तुमचं गिऱ्हाईक, माझं गिऱ्हाईक

मी हाताने शिवलेल्या वह्या ऑनलाइन विकते. वही एकदा घेतलेले लोक बहुधा पुन्हा येतात. पण सुरुवातीचा बराच काळ माझी सगळी दमछाक एकाच प्रश्नावर व्हायची: नवं गिऱ्हाईक आणायचं कुठून? पैसे भरून केलेल्या ऑनलाइन जाहिरातींत लिलाव चालतो. एकाच माणसासमोर दिसण्यासाठी मी आणि माझ्याहून कितीतरी मोठा ब्रँड एकाच वेळी बोली लावत असतो. त्या ब्रँडला पहिल्या विक्रीत तोटा झाला तरी चालतो, कारण तेच गिऱ्हाईक पुढे वर्षभर त्याच्याकडून दहा वस्तू घेणार असतं. माझ्याकडे विकायला वह्याच आहेत, त्यामुळे जाहिरातीचा खर्च पहिल्या वहीतच निघावा लागतो. शिवाय जाहिरात थांबवली की येणारी माणसंही त्याच दिवशी थांबतात.

म्हणून मी क्रॉस-प्रमोशनकडे वळले. सरळ भाषेत, मी माझ्या गिऱ्हाइकांना तुमच्याबद्दल सांगते, तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल सांगा. ही वाट इंटरनेटवर तरी नवी नाही. १९९६ मध्ये लिंकएक्स्चेंज नावाची सेवा सुरू झाली. आपल्या साइटवर इतरांच्या जाहिरातीची पट्टी दोनदा दाखवली की आपली पट्टी दुसऱ्या कुणाच्या साइटवर एकदा झळकायची, आणि उरलेली जागा ती सेवा विकायची. छोट्या साइटवाल्यांनी ती इतकी उचलून धरली की १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २६.५ कोटी डॉलरना विकत घेतली. छोट्यांनी एकमेकांना जागा देण्यात किती ताकद आहे हे तेव्हाच दिसलं होतं. मात्र तिथे पट्टी कुठे लागणार हे यंत्रणा ठरवायची, आणि ज्यांच्या साइटवर ती लागायची ते एकमेकांना ओळखतही नसत. मला हवे होते थोडेच भागीदार, ओळखीचे, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला माझी वही नेमकी कशासाठी लागेल याचं उत्तर आधीच हातात असलेले.

भागीदार शोधायचा म्हटलं की लोक आधी फॉलोअरचे आकडे बघतात. मी माझी मेलपेटी उघडली आणि आजवर गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वाचत गेले. त्यातले दोन पुन्हा पुन्हा येत होते. पहिला, वही घेण्याआधीचा: “यावर फाउंटन पेन चालेल का? शाई फुटणार नाही ना? मागच्या पानावर उमटते का?” दुसरा, वही घेतल्यानंतरचा: “एवढी छान वही घेतली, पण माझं अक्षर खराब आहे, लिहायची भीती वाटते.” पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं माझ्याकडे होतं आणि अर्धं शाईवाल्याकडे. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच, ते हस्ताक्षर शिकवणाऱ्या माणसाकडे होतं. मला कुणाकडे जायचं हे या प्रश्नांनीच सांगितलं.

मग तोच प्रश्न उलटा करून पाहिला. फाउंटन पेनची शाई घेणाऱ्याला बाटली घरी आल्यावर पुढे काय लागतं? असा कागद, ज्यावर ती शाई जशी दिसायला हवी तशी दिसेल. हस्ताक्षराच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलेल्याला पहिल्या दिवसाआधी काय लागतं? वही. दोन्ही बाजूंनी गरज जुळत होती. या कसोटीवर यादीतली बरीच नावं गळाली. त्यात कापडी पिशव्या विकणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचं आणि माझं गिऱ्हाईक वयाने, आवडीने जवळपास एकच. पण पिशवी घेतल्यावर वहीची आठवण होण्याचं काही कारण नव्हतं. गिऱ्हाईक एकच असणं मला पुरेसं वाटत नाही. एकाकडची खरेदी झाल्यावर दुसऱ्याची गरज आपोआप उभी राहायला हवी. मोठ्या कंपन्यांचं उदाहरण द्यायचं तर उबर आणि स्पॉटिफाय यांनी २०१४ मध्ये हातमिळवणी केली आणि प्रवाशाला गाडीत स्वतःची गाणी लावता येऊ लागली. गाडीत बसलेल्या माणसाला त्याच घडीला गाणं हवं असतं, जुळणी तिथे होती.

एक जोडीदार मात्र अनपेक्षित निघाला: दुसरे वहीवालेच. ते चित्रकलेसाठी जाड, मोठ्या कागदाच्या वह्या करतात, मी लिहिण्याच्या करते. माझ्याकडे जलरंगांची वही मागणारे लोक येत असत आणि मी “ती आम्ही करत नाही” असं कळवून मोकळी होत असे. आता तिथेच त्यांचा पत्ता देते, तेही लिहिण्याच्या वहीसाठी माझा देतात. याला ना कूपन लागलं, ना मोहीम. नाही म्हणायच्या उत्तराला एक ओळ जोडली, एवढंच. ज्याला आपण प्रतिस्पर्धी समजतो त्याचा माल आपल्यापेक्षा नेमका कुठे वेगळा आहे हे एकदा नीट बघावं, असं मी प्रत्येक छोट्या विक्रेत्याला सांगते.

कुणालाही निरोप पाठवण्याआधी मी त्यांच्याकडून वस्तू विकत घेतली. साधं गिऱ्हाईक म्हणून, ओळख न देता, पूर्ण पैसे भरून. पार्सल कसं बांधलंय, किती दिवसांत आलं, प्रश्न विचारला तर कोण आणि कसं उत्तर देतं, हे बघितलं. मी एखाद्याचं नाव माझ्या गिऱ्हाइकाला सांगते तेव्हा त्या नावामागे माझा शब्द असतो. तिकडे त्याला वाईट अनुभव आला तर तो पहिल्यांदा माझ्यावरचा विश्वास काढून घेईल. एका विक्रेत्याचा माल मला खूप आवडला होता, पण फुटलेल्या बाटलीबद्दलच्या माझ्या मेलला उत्तरच आलं नाही. तिथे मी पुढे गेले नाही.

पहिला निरोप लिहायला मी बराच वेळ घेतला. असे निरोप मलाही येतात आणि मी कोणते न वाचता पुसते हे मला ठाऊक आहे. “आपण कोलॅबरेशन करूया का, दोघांचाही फायदा होईल” एवढंच लिहिलेलं असलं की विचार करायचं सगळं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. शाई बनवणाऱ्या गृहस्थांना मी लिहिलं ते साधारण असं:

“नमस्कार. तुमची गडद हिरवी शाई मी गेल्या महिन्यात घेतली आणि रोज वापरते आहे. मी हाताने शिवलेल्या वह्या करते. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक नवं गिऱ्हाईक ‘शाई फुटते का’ हे विचारतं. तुमच्या शाईने माझ्या कागदावर लिहिलेल्या पानाचे पुढून आणि मागून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. मला सुचतंय ते असं: माझ्या प्रत्येक पार्सलमध्ये तुमच्या शाईचा नमुना असलेलं कार्ड जावं, आणि तुमच्या प्रत्येक पार्सलमध्ये माझ्या कागदाचा एक तुकडा. कार्डांचा खर्च आणि मेहनत पहिल्या खेपेला माझी. तुम्हाला फक्त शाई आणि होकार द्यायचा आहे. जमणार नसेल तरी हरकत नाही, शाई मी घेत राहीनच.”

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. होकार होता, पण अट घालून: “कागद आधी मला पाठवा. मी माझ्या सगळ्या शाया त्यावर चालवून बघतो. एखादी फुटली तर ती कार्डावर घ्यायची नाही.” या अटीनेच मला माणूस आवडला. भागीदार म्हणून मला असाच माणूस हवा होता, ज्याला स्वतःचा माल खोटा चांगला दिसावा असं वाटत नाही.

ते कार्ड कसं तयार होतं हे थोडं सविस्तर सांगते, कारण या सगळ्या उद्योगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. शाई कागदावर फुटते ती कागदाच्या तंतूंमधून वाट काढत ती आडवी पसरते म्हणून. कागद बनवताना त्याला शाई रोखणारा लेप, ज्याला धंद्यात साइझिंग म्हणतात, कमी पडला की रेघेच्या कडेला बारीक मिशा फुटतात. कागद नुसता जाड असून भागत नाही. जास्त जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला जास्त ग्रॅम भरणारा, पण लेप कमी असलेला कागद शाई पिऊन टाकतो आणि त्याहून हलका, पण चांगला लेप दिलेला कागद तिला वरच थोपवून धरतो. हे गिऱ्हाइकाला शब्दांत समजावणं कठीण जातं, कारण जीएसएमचा आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि लेपाबद्दल कुणी लिहीत नाही. कार्डावर ते डोळ्यांना दिसतं. वह्यांच्याच कागदाच्या कापणीतून उरलेल्या पट्ट्या मी एका मापात कापते. वर काचेच्या निबने शाईचा एक जाड पट्टा ओढते, त्याखाली बारीक निबने एक वाक्य लिहिते, त्याखाली एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची जाळी. एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून टिपून घेते, म्हणजे पाणी लागल्यावर शाई किती टिकते तेही कळतं. मागची बाजू कोरी ठेवते. लोक कार्ड उलटून बघतातच, आणि मागे काही उमटलेलं नाही हे त्यांचं त्यांना दिसतं. त्या कोऱ्या बाजूच्या अगदी खाली शाईचं नाव, आणि एक क्यूआर कोड.

क्यूआर कोडमध्ये दुरुस्तीचे चार स्तर असतात. सर्वांत वरच्या स्तरावर कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. ही कार्डं शाईच्या बाटल्यांशेजारी पडून राहणार, त्यावर डाग पडणार, म्हणून मी तोच स्तर निवडला. कोड थोडा दाट दिसतो, पण स्कॅन होतो. पार्सलचं वजनही पाहावं लागलं. कुरिअरचे दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतात, आणि कार्डामुळे एखादं पार्सल पुढच्या टप्प्यात गेलं तर फुकटातली जाहिरात फुकटातली राहत नाही. माझी लहान वही टप्प्याच्या अगदी काठावर होती, तिचा खोका बदलून हलका घेतला तेव्हा कार्डासाठी जागा झाली.

करार आम्ही लिहून काढला. वकिलाचा कागद नव्हे, एका पानाचा मेल, ज्याला दोघांनीही “मान्य” म्हणून उत्तर दिलं. कोण काय पाठवणार, किती, कधीपर्यंत. छपाईचा खर्च कुणाचा. एकमेकांचे फोटो आणि लोगो कुठे वापरता येतील. सवलत दिली तर ती कुणाच्या नफ्यातून जाणार. तक्रार आली तर ज्याची वस्तू त्याने निस्तरायची. दुसऱ्या शाईवाल्याबरोबर मी असंच काही करू शकते का? आम्ही ठरवलं, ही जोडी चालू आहे तोवर नाही. आणि थांबायचं असेल तर आधी किती दिवस सांगायचं. ओळखीच्या माणसाशी हे सगळं बोलायला संकोच वाटतो, पण मला या एका पानाचं फार मोल वाटतं. पुढे जे काही विचारायचं ते माणसाला न दुखावता विचारता येतं, कारण बोट त्या पानाकडे दाखवता येतं.

हस्ताक्षराचे वर्ग घेणाऱ्या ताईंकडे गोष्ट वेगळ्या रीतीने गेली. त्यांची मेल-यादी माझ्यापेक्षा बरीच मोठी होती, आणि तुल्यबळ देवाणघेवाण कशी व्हायची हा प्रश्न होता. बरेच छोटे व्यावसायिक इथेच अडतात. मोठ्याला वाटतं आपलं नुकसान, लहान माणूस दबकून मागतच नाही. मी ताईंना म्हटलं, “ताई, यादीत नावं किती हे आपण बाजूला ठेवू. आपल्या पत्रातल्या लिंकवर प्रत्यक्ष दाबतात किती जण, ते बघू.” समजा एकीच्या यादीत ६००० नावं आहेत आणि त्यांतले १ टक्का लोक लिंक दाबतात, तर ६० जण झाले. दुसरीच्या यादीत १५०० नावं आहेत पण ४ टक्के दाबतात, तर तेही ६०च. दोन्ही पत्रांची किंमत सारखीच. इथे पत्र किती जणांनी उघडलं हा आकडा मी धरत नाही. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली तिच्यामुळे माणसाने पत्र उघडलं नसलं तरी त्यातली चित्रं आधीच उतरवली जातात आणि ते उघडलं गेल्यासारखं दिसतं. क्लिक त्या मानाने खरे बोलतात. आमच्या हिशेबात तरीही ताईंचं पारडं जड निघालं, म्हणून त्यांच्या एका पत्राच्या बदल्यात मी त्यांचा उल्लेख माझ्या दोन पत्रांत केला, आणि ऑर्डर पूर्ण झाल्यावर जे आभाराचं पान दिसतं तिथेही त्यांच्या वर्गाची माहिती ठेवली. हे पान बहुतेक दुकानांत रिकामं पडलेलं असतं. पैसे भरून झालेले आहेत, माणूस खुशीत आहे, आणि अजून स्क्रीनसमोर आहे. भागीदारासाठी याहून चांगली जागा माझ्या साइटवर नाही.

एक गोष्ट आम्ही कुणीच केली नाही: मेल-याद्यांची अदलाबदल. एका तिसऱ्या व्यावसायिकाने मला तसं सुचवलं होतं, “तुमची एक्सेल फाइल पाठवा, मी माझी पाठवतो.” मी नकार दिला. लोकांनी पत्ता मला दिला आहे, माझ्याकडून पत्रं यावीत म्हणून. तो दुसऱ्याला देण्याचा हक्क मला नाही, आणि युरोपात जीडीपीआर हा लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे, तिथल्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत तर हा सरळ कायद्याचा प्रश्न होतो. शिवाय न मागता आलेल्या पत्राला लोक स्पॅम म्हणून चिन्ह लावतात. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठवणारा खरा आहे याची तांत्रिक ओळख आणि एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय त्यांनी सक्तीची केली, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितलं. म्हणजे पोचलेल्या १००० पत्रांमागे ३ पेक्षा कमी तक्रारी. जीमेलची पूर्ण अट दिवसाला ५००० पत्रं पाठवणाऱ्यांना लागते. पण तक्रारी साचल्या तर लहान माणसाचीही पत्रं स्पॅममध्ये जाऊन पडतात, आणि मग स्वतःच्या गिऱ्हाइकांना पाठवलेलं पत्रही पोचत नाही. म्हणून आमच्यात पत्र ज्याचं त्यानेच, स्वतःच्या यादीला, स्वतःच्या शब्दांत पाठवायचं ठरलं. ताईंनी मला त्यांच्या वर्गाची तयार जाहिरात दिली होती. मी ती न वापरता स्वतः त्यांच्या वर्गात बसून पाहिलं, आणि “उ”ची गाठ कुठून सुरू करायची हे त्यांनी कसं दाखवलं ते लिहिलं. त्या पत्राला गिऱ्हाइकांनी उत्तरं लिहिली. तयार मजकुराला कुणी उत्तर लिहीत नाही.

मोजमापाचं थोडक्यात सांगते. प्रत्येक भागीदाराला वेगळं कूपन आणि वेगळी लिंक. लिंकच्या शेवटी यूटीएमची खूण जोडते, त्यात स्रोत कोण, माध्यम कोणतं आणि मोहीम कुठली हे लिहिलेलं असतं. ही पद्धत अर्चिन या कंपनीची. तिला गूगलने २००५ मध्ये विकत घेतलं आणि त्यातूनच गूगल ॲनालिटिक्स आलं. कूपन मात्र नुसतं धरून चालत नाही. ते सवलतींच्या साइटवर जाऊन पडतं आणि भागीदाराचा संबंध नसलेली माणसंही वापरतात. उलट कार्ड बघून आलेली काही माणसं ना कोड स्कॅन करतात ना कूपन टाकतात, ती नाव शोधून थेट येतात. त्यामुळे ऑर्डरच्या शेवटी मी एक साधा प्रश्न ठेवला आहे: “आमच्याबद्दल कुठून कळलं?” उत्तराला मोकळी जागा, पर्याय नाहीत. तिथे लोक जे लिहितात त्यातून मला आकड्यांपेक्षा जास्त कळतं. “शाईच्या बाटलीबरोबर तुमचा कागद आला होता, तो संपला म्हणून आले” असं जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदाचा तुकडा मोठा करायचा निर्णय मी तिथेच घेतला. त्या तुकड्यावर लिहून बघता येतं, आणि लिहून बघितलेल्या माणसाला पटवून द्यायला काही उरत नाही.

परिणाम दोन्हीकडे वेगवेगळ्या चालीने आले. कार्डांचा परिणाम संथ आहे. कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहतं, आधीची वही संपल्यावर आठवतं, आणि मग ऑर्डर येते. पहिल्या काही आठवड्यांत हिशेब मांडला असता तर कार्डं बंद करावीशी वाटली असती. ताईंच्या पत्राने मात्र एकदम माणसं आणली. त्यातही खरा फरक पडला तो पत्राहून एका लहानशा बदलामुळे. वर्गात नाव नोंदवलं की ताई विद्यार्थ्यांना साहित्याची यादी पाठवत, त्यात नुसतं “रेघांची वही” असं लिहिलेलं असे. मी विचारलं, “ताई, तुम्हाला नेमकी कशी वही हवी असते?” त्या म्हणाल्या, “दोन रेघांमधलं अंतर मोठं हवं, वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा हवी, आणि पान सपाट उघडायला हवं.” शिवलेली वही सपाट उघडतेच. रेघांचं अंतर मी त्यांच्या सांगण्यावरून बदललं आणि ती वही त्यांच्या यादीत गेली. यादीत “कुठलीही चालेल, पण अशी हवी असेल तर इथे मिळते” असंच लिहायचं, सक्ती वाटता कामा नये, यावर आम्ही दोघी ठाम होतो. प्रत्येक नव्या वर्गाच्या आधी आता ऑर्डर येतात आणि त्यासाठी कुणालाही नव्याने काही पाठवावं लागत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे ऑर्डर एकदम येतात. हाताने शिवायच्या वह्यांना वेळ लागतो. म्हणून ताईंचा वर्ग कधी सुरू होणार हे आता मला आधी कळतं आणि त्या हिशेबाने पानं दुमडून, भोकं पाडून जुड्या तयार ठेवते, शिवण तेवढी उरते. भागीदाराला आपला शिल्लक माल किती आहे हे सांगायला लोक कचरतात. मी तर आकडाच देते. वही संपली असताना त्यांनी तिची शिफारस केली तर त्यांचं नाव खराब होईल.

इन्स्टाग्रामवर २०२१ मध्ये दोन खात्यांनी मिळून एक पोस्ट टाकायची सोय आली, तीही आम्ही वापरतो. एकच पोस्ट दोघांच्याही पानावर दिसते आणि लाइक, कमेंट एकत्र जमतात. शाई कागदावर उतरतानाचा व्हिडिओ तिथे चांगला चालतो. भेटवस्तूंच्या सोडती मात्र मला पटल्या नाहीत. तिघा-चौघांनी मिळून एक सोडत केली, फॉलोअर वाढले, निकाल लागल्यावर त्यांतले बरेच निघून गेले आणि उरलेल्यांपैकी खरेदी करणारे फारच थोडे. फुकट वस्तूसाठी आलेला माणूस वहीसाठी आलेला नसतो. ज्यांना नुसतं नाव पोचवायचं आहे त्यांना सोडत उपयोगी पडत असेल, माझा धंदा तसा नाही.

कमिशनचा विषय ताईंनीच काढला. विकल्या गेलेल्या प्रत्येक वहीमागे काही वाटा त्यांना द्यावा का? ॲमेझॉनने १९९६ मध्येच असा असोसिएट्सचा कार्यक्रम सुरू केला होता आणि ती पद्धत आज सर्वत्र रुळली आहे. आम्ही बोलून ठरवलं की नको. कमिशन घेतलं तर यादीत तसं स्पष्ट लिहावं लागेल, आणि लिहायलाच हवं, कारण शिफारशीमागे पैसे आहेत हे वाचणाऱ्याला कळण्याचा हक्क आहे. अनेक देशांत तसा नियमही आहे. ताईंना शिक्षिका म्हणून ती ओळ नको होती. त्याऐवजी त्यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना मी सवलत देते, आणि यादीत आम्ही तेवढं सांगतो की आम्ही दोघी एकमेकींचं काम सुचवतो. शाईवाल्यांशीही पैशांचा व्यवहार नाही, फक्त दोघांच्या पार्सलमधली कार्डं सारख्या संख्येने जातात ना हे दर तिमाहीला बघतो. त्या बैठकीत आकडे दहा मिनिटांत संपतात, उरलेला वेळ नव्या छटा कागदावर कशा वागतायत यात जातो.

चौथ्या एका भागीदाराबरोबरचं काम मध्यंतरी थांबवलं. भांडण काही नव्हतं, त्यांनी वेगळ्या वस्तू विकायला सुरुवात केली होती आणि जुळणी उरली नव्हती. ठरल्याप्रमाणे आधी कळवलं, आभाराच्या पानावरचं त्यांचं नाव काढलं, माझा लोगो त्यांनी काढला. कूपन मात्र दोघांनीही चालू ठेवलं आहे. कार्डं लोकांच्या घरी गेलेली आहेत आणि ती अजून बराच काळ कुणाच्या ना कुणाच्या हाताला लागत राहतील. आज कुणी त्यावरचं कूपन टाकलं आणि “अवैध” असा शब्द दिसला तर त्या माणसाला आमच्यातलं काही ठाऊक नसतं. त्याला फक्त आपल्याला दिलेला शब्द पाळला गेला नाही एवढंच कळतं. शेवटचं कार्ड बाहेर पडल्यापासून वर्षभर कूपन चालेल असं आम्ही मेलवर लिहून घेतलं, आणि क्यूआर कोडची लिंक त्यानंतरही मुख्य पानावर वळती राहील अशी सोय करून ठेवली.